बिनमुलखाचा बिशप : दों मातेउश द कास्त्रो महाले

नाताळ हा आमच्या बोर्ली पंचतनच्या पंचक्रोशीतला मुख्य सण नव्हे. गणपती, शिमगा, ईद यांचे दिवस इथल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाहीत. नाताळ कळतो तो सुट्टीमुळे, दिवेआगरच्या वाटेवर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते तेव्हा. दिघीहून खाडी ओलांडून आगरदांड्यास उतरावे, मुरूड मागे टाकून उत्तरेस कोर्लईपर्यंत जावे, म्हणजे मग जुन्या ख्रिस्ती वस्तीचे गाव भेटते. (वाटेत एक बोर्ली लागते खरी, पण ती बोर्ली मांडला, आमची नव्हे.) कोर्लईची ख्रिस्ती मंडळी आजही घरात पोर्तुगीज वळणाची एक निराळीच बोली बोलतात आणि तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे आपली भाषा, असे म्हणतात.

असे असूनही ज्या धर्मगुरूची कथा ह्या नाताळनिमित्त सांगावयाची आहे, त्यांचा आमच्या ह्या किनाऱ्याशी एक संबंध आहे. कागदोपत्रीच, पण खरा. १६३७ मध्ये रोममध्ये एका हिंदी माणसास बिशपपदाचा अभिषेक झाला आणि जो मुलूख त्यांच्या हवाली करण्यात आला त्याचे नाव तिकडच्या दप्तरात ‘इदालकान’ असे लिहिले गेले. इदालकान म्हणजे आदिलखान, विजापूरचा आदिलशहा. आदल्याच वर्षी, १६३६ च्या तहाने, बुडालेल्या निजामशाहीचे कोकण आदिलशहाकडे आले होते, आणि नागोठण्यापासून बाणकोटपर्यंतची किनारपट्टी विजापूरच्या वतीने जंजिऱ्याचे सिद्दी सांभाळू लागले होते. बोर्ली, दिवेआगर, श्रीवर्धन ही सारी गावे त्याच पट्ट्यातली. इथल्या कोणासही वार्ता नसताना हा मुलूख एका बिशपच्या कक्षेत गेला, आणि त्या बिशपने तो बहुधा कधी डोळ्यांनी पाहिलाही नसावा.

ह्या धर्मगुरूंचे नाव दों मातेउश द कास्त्रो. घराणे ब्राह्मणाचे, आडनाव महाले. लॅटिन विधीच्या ख्रिस्ती धर्मसभेत बिशपपदावर पोचलेले ते पहिले हिंदी गृहस्थ होत. एवढ्या मोठ्या मानाचा हा माणूस महाराष्ट्रात जवळपास अपरिचित राहावा याचे नवल वाटते; पण त्यांचे चरित्र वाचू लागले की हे नवल कमी होते, कारण त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव पुसून टाकण्याची खटपट करणारे थोडे नव्हते.

त्यांचा जन्म १५९४ च्या सुमारास मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर, नावेली गावी झाला. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी निजामशाही फौजेकडून कोर्लईचा डोंगर जिंकून घेतला. किनाऱ्यावरील त्यांच्या सत्तेचा तो भरतीचा काळ होता. दिवाडी बेट मराठी वाचकास वेगळ्या कारणाने ठाऊक असावयास हवे. कदंबांचे कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर ह्याचे मूळ स्थान ह्याच बेटावर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देवालय मोडले, तेव्हा भाविकांनी देवाला नदीपार नेले आणि डिचोलीच्या बाजूस नव्या नार्वे गावी त्याची स्थापना केली. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये करविला, हे सर्वश्रुतच आहे. मोडलेल्या देवाचा आश्रय डिचोली. आणि पुढे आपण पाहणार आहोत की, त्याच बेटावर जन्मलेल्या, देव मोडणाऱ्यांच्या धर्मात वाढलेल्या ह्या बिशपलाही अखेर आश्रय मिळाला तो डिचोलीतच. मधली नदी तीच आणि ती ओलांडावयास लावणारी सत्ताही तीच.

मातेउशचे शिक्षण बारदेशात रेइस मागुश येथे फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या विद्यालयात झाले. रेइस मागुश म्हणजे तीन ज्ञानी राजे. पूर्वेकडे तारा पाहून निघालेले आणि बाळ येशूच्या पायांशी सोने, धूप व बोळ ठेवणारे हे तिघे नाताळच्या कथेतील परदेशी पाहुणे. मांडवीच्या मुखावरील ते चर्च त्यांच्याच नावाने उभे आहे. ६ जानेवारीस तिथे त्यांचा सण होतो, आणि राजांचा पोशाख केलेली तीन मुले मिरवतात. अशा देवळाच्या सावलीत लहानाचा मोठा झालेल्या मुलाने त्या कथेचा अर्थ काय घेतला असेल ते सांगता येणार नाही. परंतु पूर्वेकडच्या माणसालाही गोठ्याच्या दारात मज्जाव नव्हता, हे त्या कथेत स्पष्ट आहे, आणि पुढील चाळीस वर्षे मातेउश ह्याच एका मुद्द्यावर भांडले.

तो मज्जाव त्यांना गोव्यात झाला. गुरुदीक्षेसाठी त्यांनी आर्चबिशप क्रिश्तोव्हाँव द सा ए लिस्बोआ यांच्याकडे विनंती केली आणि ती नाकारण्यात आली. येथे एक गोष्ट समजून घ्यावयास हवी. गोव्यात हिंदी धर्मगुरू मुळीच नव्हते असे नाही. ब्राह्मण घराण्यांतील काही तरुणांना दीक्षा मिळत असे. पण त्यांची जागा गोऱ्या पाद्र्याच्या मदतनिसाची. विद्वत्तेला, अधिकाराला, गावाच्या मुख्य पाळकपदाला वाट बंद. मोठमोठे धर्मसंघ तर हिंदी माणसाला आत घेतच नसत. जेझुइटांनी १५७५ मध्ये पेरो लुईश नावाच्या एका मलबारी ब्राह्मणास संघात घेतले आणि त्यानंतर अठराव्या शतकात संघ बरखास्त होईपर्यंत दुसरा हिंदी घेतला नाही. गोव्यातच फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापून निघाले होते. ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगावयास हरकत नव्हती. परंतु ती वेदीवरून सांगण्याचा पूर्ण अधिकार मराठी वा कोंकणी बोलणाऱ्या माणसाला असावा, हे मात्र पचत नव्हते. ह्या विसंगतीकडे क्रिस्तपुराणाच्या गौरवपर लेखांत सहसा कोणी बोट दाखवीत नाही.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. मातेउश १६२१ मध्ये गोव्यातून बाहेर पडला. लिस्बनला जाणाऱ्या पोर्तुगीज गलबतावर त्याला कोण घेणार? त्याने खुष्कीचा रस्ता धरला, इराण आणि पश्चिम आशिया ओलांडला, वाटेत कार्मेलाईट साधूंचे साहाय्य घेतले आणि १६२५ च्या सुमारास तो रोमला पोचला. पंचविशी उलटलेला, राजाश्रय नसलेला, जवळ द्रव्य नसलेला हा दिवाडीचा तरुण चार वर्षे चालत, थांबत, पुन्हा चालत राहिला. त्याची मजल तेवढीच धरली तरी हे चरित्र वाचनीय झाले असते.

त्याचे दैव असे की, तो योग्य वेळी योग्य दारी गेला. १६२२ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी ‘प्रोपागांदा फिदे’ हे धर्मप्रसार मंडळ स्थापन केले होते. त्याचे कारण ध्यानी घेतल्यावाचून पुढील कथा कळणार नाही. पूर्वेकडील धर्मकारभार पूर्वीच्या पोपांनी पोर्तुगालच्या राजाच्या स्वाधीन केला होता. बिशप कोण नेमावा, चर्च कोठे बांधावे, पाद्र्यांना कोणत्या जहाजाने पाठवावे, सारे काही राजाच्या मर्जीने. ह्या हक्कास ‘पाद्रोआदो’ म्हणत. खर्चही राजाच करीत असे. तेव्हा हक्क अगदीच फुकटचा नव्हता. परंतु सतराव्या शतकात पोर्तुगालची ताकद ओसरू लागली आणि रोमला असे दिसू लागले की, राजाच्या तोफा जिथवर पोचतात तिथवरच आपला धर्म पोचतो आहे. तोफांच्या पलीकडे जावयाचे तर देशी धर्मगुरू हवेत. मंडळाचे चिटणीस फ्रान्चेस्को इंगोली हे ह्या मताचे कट्टर पुरस्कर्ते. आणि त्यांच्या दारात एके दिवशी असा एक हिंदी तरुण येऊन उभा राहिला, ज्याला गोव्याने नेमकी तीच गोष्ट नाकारली होती. इंगोलींना आपल्या मताचा जिवंत पुरावाच मिळाला म्हणावयाचे. १६२७ मध्ये पोप अर्बन आठवे यांनी मंडळाचे महाविद्यालय उघडले. मातेउश यांचे अध्ययन रोममध्ये पुरे झाले, आणि १६३० च्या सुमारास त्यांना तिथेच गुरुदीक्षा मिळाली.

१६३३ मध्ये ते गोव्यास परतले ते रोमची अधिकारपत्रे घेऊन. स्वागत काय झाले असेल याचा तर्क वाचकांनी करावा. कागद राजाच्या दरबारातून, लिस्बनमार्गे आलेले नाहीत, सबब ते ग्राह्य नाहीत, असा पवित्रा गोव्याच्या अधिकाऱ्यांनी घेतला. पोपची सही खरी असली तरी ती राजाच्या शिक्क्यावाचून चालेना. मातेउश पुन्हा रोमच्या वाटेस लागले. आणि ह्या खेपेस रोमने गोव्याच्या नकाराला जे उत्तर दिले ते साधे नव्हते. १६३७ मध्ये त्यांना बिशपच करण्यात आले. क्रिसोपोलिस ह्या पूर्वेकडील एका जुन्या पीठाची नाममात्र उपाधी त्यांना देण्यात आली, आणि आदिलशहाच्या मुलखाचे ‘व्हिकार अपोस्तोलिक’, म्हणजे थेट पोपच्या अधिकाराने काम पाहणारे बिशप, म्हणून त्यांची नेमणूक झाली. क्रिसोपोलिस ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ सुवर्णनगरी. प्रत्यक्षात ह्या सुवर्णनगरीच्या बिशपला हक्काने उभे राहण्यास वीतभर जमीन नव्हती.

ती जमीन त्यांना मुसलमान बादशहाने दिली. महंमद आदिलशहाने त्यांना आपल्या राज्यात चर्च उभारण्याची परवानगी दिली आणि गोव्याच्या सीमेस लागून असलेल्या डिचोलीत, जी त्या काळी विजापूरच्या अमलाखाली होती, त्यांनी आपले ठाणे केले. तिथे त्यांनी देशी तरुणांना गुरुदीक्षा देण्यास आरंभ केला. दिवाडीच्या किनाऱ्यावरून जो तीर दिसतो, त्या तिरावरच्या मुलखात गोव्याचा आर्चबिशप ज्यांना दीक्षा देत नसे त्यांना दीक्षा मिळू लागली. गोव्याच्या सत्तेला ही गोष्ट रुचणे शक्यच नव्हते. अशा दीक्षा अग्राह्य ठरविण्यात आल्या. डिचोलीचे बिशप बंडखोर, त्यांचे शिष्य भोंदू, अशी हाकाटी झाली.

ह्यात भरडला गेला तो सामान्य माणूस. ज्या पाद्र्याने आपले लग्न लावले, मरणाऱ्या बापाच्या कपाळाला तेल लावले, त्याची दीक्षाच जर खोटी, तर ते लग्न खरे की खोटे? बाप सद्गतीस गेला की नाही? रोम आणि लिस्बन यांच्यातील हक्काच्या वादाची ही किंमत सीमेवरच्या खेड्यातील कुणब्याला द्यावी लागत होती. धर्मसत्तेचे इतिहास लिहिणारे हुकूम आणि प्रतिहुकूम बारकाईने नोंदवितात. ही किंमत त्यांच्या नोंदींत क्वचितच सापडते.

गोव्यात मातेउश यांचे सर्वांत कडवे विरोधक होते ते आफोन्सो मेंदिश. हे जेझुइट गृहस्थ इथिओपियाचे पॅट्रिआर्क. परंतु तेथील राजा फासिलिदास याने १६३४ मध्ये त्यांना देशाबाहेर घालविले होते, आणि ते गोव्यास येऊन राहिले होते. देश गमावलेला पॅट्रिआर्क आणि मुलूख न मिळालेला बिशप एकाच नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांविरुद्ध रोमला पत्रे धाडीत होते, हे चित्र करुण म्हणावे की विनोदी, ते ठरविणे कठीण. पुढे रोमने मातेउश यांच्याकडे इथिओपियाचेही काम सोपविले. मेंदिश यांच्या जखमेवर याहून झोंबणारे मीठ सापडले नसते. ते काम काही तडीस गेले नाही.

त्यानंतरच्या अध्यायावर मात्र सावली आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. १६५३ मध्ये मातेउश यांनी ‘ब्राह्मणांचा आरसा’ ह्या अर्थाच्या नावाची एक पोर्तुगीज पुस्तिका लिहिली. परक्या पाद्र्यांची ताबेदारी मुकाट्याने का सोसता, स्वतःच्या देशात स्वतःच्या धर्मसभेवर तुमचाच अधिकार असावयास हवा, हा तिचा इत्यर्थ. १६५४ मध्ये विजापूरच्या फौजा बारदेशात आणि साष्टीत शिरल्या, आणि बिशपनेच आदिलशहाला उठविले असा आरोप पोर्तुगीजांनी केला. वेंगुर्ल्याला १६३७ पासून डच वखार होती. प्रॉटेस्टंट डचांशीही त्यांचे सूत असल्याची कुजबुज होतीच. ह्या कारस्थानात मातेउश यांचे अंग किती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पण डिचोलीचा निवासच मुळी आदिलशहाच्या कृपेवर अवलंबून असताना त्यांनी विजापूरशी सलगी ठेविली नसती तरच आश्चर्य. पोर्तुगीजांच्या दृष्टीने हा देशद्रोह. मात्र तो ज्या राजाचा द्रोह, त्याच्या अधिकाऱ्यांनी ह्या माणसाला आपला म्हणण्याचे तीस वर्षे नाकारले होते.

माझी हरकत निराळ्या ठिकाणी आहे. ह्या पुस्तिकेचे नावच सांगते की, ती गोव्याच्या सर्व ख्रिस्ती जनांना उद्देशून नव्हती. ती ब्राह्मणांसाठी होती. गोऱ्या पाद्र्याने जन्मावरून आपला अधिकार नाकारला म्हणून संतापलेले मातेउश स्वतःच्या अधिकाराचे समर्थन पुन्हा जन्माच्याच आधारे करतात. आम्ही कुलीन, आम्ही पूर्वीपासून विद्यावंत, म्हणून वेदीवर आम्ही असावे. हा युक्तिवाद तत्कालीन गोव्यात चालणारा होता हे खरे, कारण तिथल्या धर्मसभांनीही दीक्षेसाठी उच्च मानलेल्या जातींचाच विचार केला होता. दिवाडीच्या कोळ्याच्या किंवा गावड्याच्या मुलाने त्यांच्या दारी येऊन दीक्षा मागितली असती तर काय घडले असते, हा प्रश्न त्यांच्या चरित्रकारांनी फारसा विचारलेला नाही. ज्या रायगड जिल्ह्यात महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये जन्मसिद्ध अधिकाराचा पाया हादरला, तिथल्या वाचकाच्या मनात तरी तो उठल्याखेरीज राहणार नाही. मातेउश यांच्या धैर्याविषयी आदर बाळगूनही हे म्हणता येते.

१६५८ मध्ये रोमने त्यांना परत बोलाविले. पाठिराखे इंगोली १६४९ मध्येच निवर्तले होते, आणि रोमला आता भांडणाऱ्या बिशपपेक्षा शांततेची गरज अधिक वाटत होती. त्यानंतर ते पुन्हा हिंदुस्थानात आले नाहीत. वारंवार जे अंतर त्यांनी कापले होते, त्याच्या दुसऱ्या टोकास, मंडळाच्या आश्रयाने, ऐंशीच्या घरात पोचेपर्यंत ते रोममध्येच राहिले, आणि १६७७ च्या सुमारास तिथेच त्यांचा अंत झाला.

मात्र रोमने त्यांच्या देशबांधवांना दूर लोटले नाही, हे येथे नमूद करावयास हवे. १६६९ मध्ये विजापूर व गोवळकोंड्याचे काम कुश्तोदियो द पिन्यो ह्या गोमंतकीय बिशपकडे गेले, आणि कानडा-मलबारकडे मातेउश यांचे पुतणे तोमास द कास्त्रो बिशप म्हणून आले. भांडणही वारशाने आले. गोव्याच्या आर्चबिशपच्या वतीने १६८१ मध्ये कानड्यात एक तरुण धर्मगुरू पाठविण्यात आले. त्यांची आणि तोमास यांची गाठ ह्याच अधिकाराच्या प्रश्नावरून पडली. हे तरुण धर्मगुरू म्हणजे बाणावलीस जन्मलेले जुझे व्हाझ. हिंदी धर्मगुरूंचा स्वतःचा असा संघ गोव्यात १६८५ मध्ये उभा राहिला त्यात त्यांचा मोठा वाटा. पुढे ते डचांच्या अमलाखालील सिलोनात लपतछपत गेले आणि १७११ मध्ये निवर्तेपर्यंत तिथल्या कॅथलिकांना सांभाळीत राहिले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत म्हणून घोषित केले. स्वभावाने व्हाझ आणि मातेउश ही दोन टोके. एकाने तोंडातून तक्रारीचा शब्द काढला नाही, दुसऱ्याने आयुष्यभर तक्रारीवाचून काही लिहिले नाही म्हटले तरी चालेल. परंतु डिचोलीच्या बिशपने आधी दार ठोठावले नसते, तर व्हाझ यांच्या पिढीच्या देशी धर्मगुरूंना इतकी मोकळी वाट मिळाली असती, असे मला तरी वाटत नाही.

आणि आमच्या किनाऱ्याचे काय झाले? ‘इदालकान’ची ती कक्षा आदिलशाहीबरोबर बुडाली नाही. मोगलांनी विजापूर घेतल्यावर तिलाच ‘थोर मोगलाचा प्रांत’ असे नाव पडले आणि ती कार्मेलाईट साधूंकडे आली. १७२० मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्र्यांना बेटावरून काढले आणि ह्या मोगल प्रांताच्या बिशपला तिथल्या चर्चांचा कारभार पाहावयास बोलाविले. वसई १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी, म्हणजे आमच्या शेजारच्या श्रीवर्धनच्या भट घराण्याच्या पुत्राने, जिंकली; १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले; पाद्रोआदोचे छत्र उत्तर कोकणातून आक्रसत गेले आणि मुंबईचे पीठ वाढत गेले. १८८६ मध्ये ते आर्चबिशपचे पीठ झाले. रायगड जिल्हा आज त्याच धर्मप्रांतात मोडतो, आणि कोर्लईचे चर्चही. मातेउश यांना १६३७ मध्ये नाममात्र मिळालेली जी कक्षा, तिच्याच वंशावळीत हे पीठ बसते. सतराव्या शतकातील ह्या गोमंतकीय बिशपांनंतर लॅटिन विधीच्या हिंदी माणसास बिशपपद मिळावयास १९२३ साल उजाडले, तेही तिकडे तुतिकोरीनला, तिबुर्शियस रोश यांच्या रूपाने. मुंबईच्या पीठावर पहिले हिंदी आर्चबिशप आले ते १९५० मध्ये. गोमंतकीय घराण्यातले आणि कराचीत जन्मलेले हे व्हॅलेरियन ग्रेशियस १९५३ मध्ये हिंदुस्थानचे पहिले कार्डिनल झाले. दिवाडीचा मातेउश दीक्षेसाठी गोव्यातून निघाला त्यास तोवर सव्वातीनशेहून अधिक वर्षे लोटली होती.